चर, चिकणमाती आणि तीनशे वर्षं

कॅसल हिलमध्ये अणुवीजकेंद्र नाही. अख्ख्या ऑस्ट्रेलियात एकही नाही. 1998 आणि 1999 सालच्या दोन केंद्रीय कायद्यांनी त्याला बंदी आहे. तरीही 2025च्या निवडणुकीआधी हा विषय इथल्या मराठी घरांमध्ये जेवणाच्या टेबलापर्यंत पोचला. एका बाजूने देशात सात ठिकाणी अणुभट्ट्या बांधायचं आश्वासन दिलं होतं, आणि त्यांतली दोन ठिकाणं, लिडेल आणि माउंट पायपर, आपल्याच न्यू साउथ वेल्समधली होती. बाजू कुठलीही घ्या, बोलणं शेवटी एकाच प्रश्नाशी येऊन थांबायचं: तो कचरा टाकणार कुठं?

प्रश्न रास्त आहे. फक्त अणुकचरा म्हणून आपण जे एकत्र धरतो, त्यात दोन अगदी निराळ्या वस्तू आहेत. एक म्हणजे भट्टीतून काढलेलं, वापरून झालेलं इंधन. ते जहाल असतं, गरम असतं आणि हजारो वर्षं सांभाळावं लागतं. या लेखात त्याचा विषय नाही. दुसरी वस्तू म्हणजे केंद्राच्या रोजच्या कामातून निघणारं सटरफटर सामान: हातमोजे, बुटांवरची प्लास्टिकची खोळ, फरशी पुसलेली फडकी, हवेच्या गाळण्या, गंजलेले व्हॉल्व्ह, पाडकामातलं काँक्रीट, खणून काढलेली माती. आकारमान पाहिलं तर जवळजवळ नव्वद टक्के कचरा हाच. एकूण किरणोत्सर्गात त्याचा वाटा मात्र एखाद्या टक्क्याचा. किरणोत्सर्ग म्हणजे काही अणू अस्थिर असल्यामुळे आपोआप फुटतात आणि तेव्हा त्यांतून किरण बाहेर पडतात, तो प्रकार.

हे किंचित किरणोत्सारी सामान पुष्कळ ठिकाणी केंद्राच्या स्वतःच्या आवारातच पुरतात. पालघर जिल्ह्यातल्या तारापूरला तसंच होतं. स्वीडनमध्ये रिंगहाल्स, फोर्समार्क आणि ओस्कार्सहाम्न या केंद्रांच्या आवारात त्यासाठी उथळ भरावच आहेत. आणि कॅसल हिलपासून सरळ रेषेत साधारण 35 किलोमीटरवर, लुकास हाइट्सच्या संशोधन केंद्राजवळ, 1960 ते 1968 या काळात नेमकं हेच झालं. तिथं वीज होत नव्हती, भट्टी संशोधनाची होती; पण चर खणून कचरा पुरायची रीत तीच, आणि त्यातली चूकही फार शिकण्यासारखी. माझं मत आधीच सांगून टाकतो: या कामात किरणांपेक्षा जास्त त्रास पावसाचं पाणी देतं, आणि त्याच्या खालोखाल हरवलेले कागद. कसं, ते क्रमाने पाहू.

पहिलं काम कचरा जिथं निर्माण होतो तिथंच होतं, आणि ते म्हणजे वेगळं करणं. भट्टीच्या इमारतीत काही भाग स्वच्छ आणि काही दूषित असे आखलेले असतात. दोन्हींच्या सीमेवर एक बुटकं बाक असतं. बाहेर येणारा माणूस त्यावर बसतो, एका पायाची खोळ काढून तो पाय स्वच्छ बाजूला टेकवतो, मग दुसऱ्या पायाची. हातमोजे उलटे करत काढतो, म्हणजे बाहेरची बाजू आत जाते. हे सगळं शेजारच्या पिशवीत पडतं. जळण्याजोगं एका पिशवीत, दाबून लहान होईल ते दुसऱ्या, धातू तिसऱ्या.

इथंच पहिली गडबड होते. घाईत असलेला माणूस पूर्ण स्वच्छ पुठ्ठ्याचं खोकं दूषित पिशवीत टाकतो, आणि त्या क्षणापासून ते खोकंही किरणोत्सारी कचरा म्हणूनच मोजलं जातं. म्हणून जाणती केंद्रं नव्या सामानाचं पॅकिंग दूषित भागात जाऊच देत नाहीत. खोकी बाहेरच फोडतात. याहून वाईट गडबड म्हणजे पिशवीत ओलं फडकं किंवा अर्धी भरलेली बाटली जाणं. पुरायच्या कचऱ्यात मोकळं पाणी असता कामा नये, हा नियम जगभर आहे. तो मोडल्यावर काय होतं ते पुढे येईलच.

मग येतं मोजमाप. आपल्याला दोन एककं पुरतील. बेक्वेरेल म्हणजे दर सेकंदाला एक अणू फुटणं. वस्तूत किती आहे ते यावरून कळतं. मिलिसीव्हर्ट म्हणजे आपल्या शरीराला किती पोचलं त्याचं माप. जमीन, हवा, अन्न आणि आकाश यांच्याकडून जगातल्या माणसाला सरासरी वर्षाला 2.4 मिलिसीव्हर्ट मिळतातच. त्यावर केंद्रांमुळे सामान्य नागरिकाला वर्षाला 1 मिलिसीव्हर्टपेक्षा जास्त मिळू नये, ही मर्यादा भारतातही आहे आणि ऑस्ट्रेलियातही.

एखादी वस्तू इतकी कमी किरणोत्सारी असेल की तिच्यामुळे कुणालाही वर्षाला एका मिलिसीव्हर्टच्या शंभराव्या भागाहून जास्त मिळणार नाही, तर आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या निकषांनुसार तिला नियमांतून मोकळं करता येतं. कोबाल्ट-60 असेल तर ही सीमा दर ग्रॅमला 0.1 बेक्वेरेल, ट्रिटियम, म्हणजे हायड्रोजनचा किरणोत्सारी भाऊ, असेल तर दर ग्रॅमला 100. हजारपटीचा फरक पाहून दचकू नये. कोबाल्टचे किरण भिंतीपलीकडे जातात, ट्रिटियमचे आपल्या कातडीतूनही आत शिरत नाहीत. किती फुटतंय याच्याइतकंच काय फुटतंय हेही पाहावं लागतं, ते यासाठी.

मोजमापात फसगत कशी होते तेही सांगतो. पिशवीला बाहेरून यंत्र लावलं की कोबाल्ट-60 आणि सिझियम-137 लगेच ओरडतात. ट्रिटियम, कार्बन-14, निकेल-63 मात्र मूग गिळून बसतात, कारण त्यांचे किरण पिशवीबाहेर येतच नाहीत. म्हणून केंद्रात आधी नमुने प्रयोगशाळेत तपासून एक गुणोत्तर ठरवतात: इतकं कोबाल्ट दिसलं, तर सोबत इतकं निकेल धरायचं. हिशेब चांगला आहे, पण तो ज्या खोलीतल्या कचऱ्यावर बेतला त्याच कचऱ्याला लागू पडतो. दुसऱ्या खोलीतला कचरा त्याच गुणोत्तराने मोजला की नोंद कागदावर नेटकी दिसते आणि खरी नसते.

तिसरी पायरी वाट पाहण्याची. अर्धायुष्य म्हणजे किरणोत्सारी पदार्थ निम्मा उरायला लागणारा काळ. इथल्या एखाद्या रुग्णालयात आपला हाडांचा स्कॅन झाला असेल, तर त्यासाठी टोचलेलं टेक्नेशियम बहुधा लुकास हाइट्सच्या ओपल भट्टीतून निघालेल्या मॉलिब्डेनमपासून आलेलं असतं. टेक्नेशियमचं अर्धायुष्य 6 तास. वापरलेली सुई एका बंद खोलीत काही दिवस ठेवली की किरणोत्सर्गाच्या दृष्टीने तिच्यात काही उरत नाही, आणि ती रुग्णालयाच्या नेहमीच्या कचऱ्याबरोबर जाते. कोबाल्ट-60ला मात्र निम्मं व्हायला सव्वापाच वर्षं लागतात, आणि सिझियम-137ला 30. दहा अर्धायुष्यं गेली की मूळच्या एक हजारांश भाग उरतो. सिझियमचा हिशेब धरला तर 30 गुणिले 10, म्हणजे 300 वर्षं. उथळ पुरलेल्या कचऱ्यावर तीनशे वर्षं लक्ष ठेवायचं, हा भारतासह अनेक देशांत वापरला जाणारा आकडा असा आला.

या हिशेबात न बसणारे पदार्थही असतात. प्लुटोनियम-239चं अर्धायुष्य 24 हजार वर्षांचं. ते थोडंसंही चरात गेलं तर तीनशे वर्षांना काही अर्थ राहत नाही. म्हणून प्लुटोनियमसारखा अल्फा किरण देणारा कचरा उथळ चरात टाकायचा नाही, त्याला वेगळं सांभाळायचं, अशी आजची रीत आहे. साठच्या दशकात लुकास हाइट्सजवळ ती पाळली गेली नव्हती.

चौथ्या पायरीवर कचरा लहान आणि घट्ट करतात. जळणारा कचरा गाळण्या बसवलेल्या भट्टीत जाळून त्याची राख ठेवतात. दबणारा कचरा 200 लिटरच्या पत्र्याच्या ड्रममध्ये भरून, कधी कधी ड्रमसकट, जाड चकतीसारखा चेपतात. भट्टीचं पाणी शुद्ध करताना वापरलेले राळेचे बारीक मणी सिमेंटमध्ये किंवा प्लास्टिकसारख्या पॉलिमरमध्ये कालवून घट्ट करतात. वाहणारी, विरघळणारी, उडणारी गोष्ट दगडासारखी करायची, एवढाच हेतू.

चेपण्याचं काम खर्च वाचवण्यासाठी आहे असं पुष्कळांना वाटतं. तेही खरं आहे, पण मोठं कारण पोकळी हे आहे. अर्धवट भरलेला ड्रम जमिनीखाली वीस वर्षांत गंजतो आणि बसतो. त्याच्यावरची माती खचते. वर खळगा होतो. खळग्यात पावसाचं पाणी साचतं आणि बरोबर खाली, कचऱ्यात उतरतं. एक ड्रम नीट न भरण्याची किंमत अशी दोन दशकांनी मोजावी लागते, आणि तोवर तो भरणारा निवृत्त झालेला असतो.

पाचवी पायरी जागेची आणि खड्ड्याची. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या 1969 साली सुरू झाल्या, आणि भारतात अणुवीजकेंद्राच्या आवारातच किंवा त्याला लागून अशी उथळ विल्हेवाटीची जागा ठेवायची पद्धत आहे. तिथं तीन प्रकारचे खड्डे असतात. अगदी कमी किरणोत्सारी सामानासाठी दगडाने बांधून काढलेले मातीतले चर. त्याहून तेज सामानासाठी सळया घातलेल्या काँक्रीटचे चर, ज्यांच्या भिंतींना बाहेरून पाणी आत येऊ नये म्हणून लेप असतो. आणि सर्वांत तेज सामानासाठी टाइल होल: साधारण चार मीटर खोल, मीटरभराहून अरुंद, लोखंडाचं आणि काँक्रीटचं अस्तर असलेली उभी विहीर. ड्रम वरून सोडायचा, मधल्या फटी भरायच्या, तोंड काँक्रीटने बंद करायचं. कुठला ड्रम कुठं जाणार हे ड्रमच्या पृष्ठभागावर किती किरण मोजले गेले त्यावर ठरतं. हे सगळं 1987 सालच्या सुरक्षित विल्हेवाटीच्या नियमांखाली चालतं, आणि त्यावर 1983 साली स्थापन झालेल्या अणुऊर्जा नियामक मंडळाची देखरेख असते.

आवारातच पुरण्याचा मोठा फायदा म्हणजे ट्रक रस्त्यावर येत नाही आणि कुंपण, पहारा, मोजणारी माणसं आधीच असतात. तोटा असा की वीजकेंद्राची जागा निवडताना थंड पाण्याची सोय पाहिलेली असते. म्हणजे केंद्र समुद्राकाठी, नदीकाठी किंवा तलावाकाठी. आणि कचरा पुरायला पाण्यापासून लांब, कोरडी जागा हवी. या दोन गरजा एकमेकींच्या उलट आहेत, आणि आवारात पुरायच्या योजनेत ही तडजोड पहिल्या दिवसापासून असते. तारापूरला जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत जवळजवळ वर्षाचा सगळा पाऊस कोसळतो. तिथं काँक्रीट आणि लेप हवाच, नुसती माती पुरणार नाही.

आता लिटल फॉरेस्टकडे, म्हणजे लुकास हाइट्सजवळच्या त्या चरांच्या जागेकडे येऊ. लुकास हाइट्सची हायफार ही भट्टी 1958च्या जानेवारीत सुरू झाली. दोन वर्षांनी केंद्राने जवळच्याच जागेत कचरा पुरायला घेतला. तिथं 79 चर खणले गेले. एकेक साधारण 25 मीटर लांब, 3 मीटर खोल आणि रुंदी जेमतेम 60 सेंटिमीटर. ड्रम, खोकी, प्रयोगशाळेतला चिल्लर कचरा टाकला, आणि वर खणून काढलेली तीच माती सुमारे मीटरभर जाडीत पसरली. अस्तर नाही, झाकण नाही. त्या काळी हे जगावेगळं नव्हतं. अमेरिकेतही असंच चाललं होतं.

जागा निवडताना विचार केलेला होता. तिथली जमीन चिकणमातीची आहे. चिकणमाती सिझियमसारख्या पदार्थाला घट्ट धरून ठेवते आणि पाणी तिच्यातून फार हळू झिरपतं. कागदावर हे गुणच आहेत. पण कॅसल हिलमध्ये ज्यांनी परसात झाड लावायला खड्डा खणला आहे त्यांना याची दुसरी बाजू ठाऊक असते, कारण आपल्या भागातही शेलच्या खडकापासून झालेली तशीच जड माती आहे. खड्ड्यात मोकळी माती भरली आणि दणकून पाऊस झाला, की तळाला भोक नसलेल्या कुंडीसारखं होतं. वरून पाणी सहज आत येतं, बाजूने आणि तळातून बाहेर जात नाही, पातळी चढत जाते आणि शेवटी काठावरून सांडते.

चरांचं हेच झालं. खणलेली आणि परत टाकलेली माती न खणलेल्या मातीइतकी घट्ट कधीच होत नाही. जोराच्या पावसात चर भरत, पाणी कचऱ्यातून फिरून वर येई आणि पृष्ठभागाजवळून बाहेर पडे. लुकास हाइट्सचं केंद्र चालवणाऱ्या ॲन्स्टो या संस्थेच्या शास्त्रज्ञांनी चरांवरच्या वरच्या मातीत प्लुटोनियम आणि अमेरिसियम कसं आलं याचा माग काढला, आणि 2013 साली छापलेल्या अभ्यासात हाच उलगडा दिला. सगळे भूजलाकडे, म्हणजे खालच्या पाण्याकडे पाहत असतात, आणि पदार्थ वर येतो. इंग्रजीत या प्रकाराला बाथटब इफेक्ट म्हणतात. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या वेस्ट व्हॅलीला आणि केंटकीतल्या मॅक्सी फ्लॅट्सला सत्तरच्या दशकात हेच घडलं होतं, आणि तिथली मातीही पाणी न सोडणारीच.

चिकणमाती निवडणं ही चूक होती का? मला तसं वाटत नाही. चूक झाकणात होती. झाकणाची माती तळाइतकीच पाणी अडवणारी हवी, किंबहुना तळापेक्षा जास्त. आजच्या जागांमध्ये वर घट्ट चिकणमाती किंवा जाड प्लास्टिकचा पडदा, त्यावर पाणी बाजूला नेणारा खडीचा थर, त्यावर माती आणि गवत, आणि सगळ्याला उतार, अशी रचना असते. तळाला चुकून आलेलं पाणी गोळा करायला नळ आणि टाकी असते, म्हणजे किती पाणी शिरलं हे मोजता येतं. फ्रान्समधल्या मोरव्हिलिए इथं 2003 पासून खास अत्यल्प किरणोत्सारी कचऱ्याचीच जागा चालते. तिथं तर चर भरेपर्यंत वर हलतं छप्पर असतं, पावसाचा थेंब कचऱ्यावर पडूच नये म्हणून.

गवत म्हटलं, झाड नव्हे. मुळं झाकणाला भोकं पाडतात. शिवाय ती खालचं पाणी वर ओढतात. लिटल फॉरेस्टच्या झाडांच्या पानांतून निघणाऱ्या बाष्पात ट्रिटियम सापडलं आहे. संशोधकांनी त्याचा उलटा उपयोग करून घेतला: नवी विहीर खणण्याऐवजी फांदीला पिशवी बांधायची, तिच्यात जमलेलं पाणी तपासायचं, की जमिनीखाली ट्रिटियम कुठवर आलंय त्याचा अंदाज येतो.

आणखी एक खोच, जी सहज सुटते. दूषित उपकरणं धुवायला वापरलेली काही रसायनं धातूच्या अणूला धरून पाण्यात विरघळती ठेवतात. एरवी मातीला चिकटून बसणारं कोबाल्ट मग पाण्याबरोबर चालू लागतं. अमेरिकेत ओक रिजच्या जुन्या चरांत सत्तरच्या दशकात हे उघडकीला आलं. म्हणून आज कचऱ्याच्या अर्जावर किरणोत्सर्गाबरोबर साबण-रसायनांचाही रकाना असतो. लिटल फॉरेस्टमध्ये तर बेरिलियमही पुरलेलं आहे. ते विषारी आहे आणि त्याला अर्धायुष्य नाही. तीनशे वर्षांनीही ते तेवढंच असेल.

चर बंद झाल्यावर काम संपत नाही, फक्त स्वस्त होतं. आवाराच्या भोवती, विशेषतः उताराच्या बाजूला, बारीक विहिरी पाडतात आणि ठरल्या वेळी पाणी काढून तपासतात. पहिल्यांदा दिसतं ते ट्रिटियम, कारण ते पाण्याचाच भाग होऊन पाण्याच्याच वेगाने चालतं. सिझियम, प्लुटोनियम मातीला धरून मागे रेंगाळतात. ट्रिटियम दिसलं म्हणजे संकट आलं असं नव्हे. त्याचा अर्थ इतकाच की पाण्याला कचऱ्यापासून विहिरीपर्यंत वाट सापडली आहे.

राहिले कागद. अमेरिकेत 1981च्या सुरुवातीपर्यंत एक नियम होता. परवानाधारकाने आपल्या जागेत थोडा कचरा वेगळी परवानगी न घेता पुरावा. खोली किमान चार फूट, दोन खड्ड्यांत किमान सहा फूट अंतर, वर्षाला बारापेक्षा जास्त खड्डे नाहीत. फूटपट्टीने मोजता येईल असा सुटसुटीत नियम. पण त्यात जमीन कशी आहे हे कुणी विचारत नव्हतं, आणि कुठं काय पुरलं हे पुढच्या मालकाला कळण्याची खात्री नव्हती. तो नियम रद्द झाला. आता अशा जागेचा हिशेब आधी मांडावा लागतो, आणि त्यातून कुणालाही वर्षाला एका मिलिसीव्हर्टच्या अगदी लहान अंशापेक्षा जास्त मिळणार नाही हे दाखवलं तरच होकार मिळतो.

कागद हरवल्यावर काय होतं हे पाहायला कॅसल हिलकरांना अमेरिकेत जायला नको. पंधरा-वीस किलोमीटरवरच्या हंटर्स हिलला पहिल्या महायुद्धाच्या सुमारास रेडियम काढायचा कारखाना होता. खनिज दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या रेडियम हिलहून यायचं. कारखाना बंद पडला, उरलेला चोथा जमिनीत राहिला, आणि पुढे नेल्सन परेड या रस्त्यावर त्याच जागेत घरं उभी राहिली. नदीकाठची जागा, कुणाला आवडणार नाही? नंतर सरकारला घरं विकत घ्यावी लागली, आणि माती काढायचं काम लागायला शतक उलटलं. रेडियमचं अर्धायुष्य 1600 वर्षांचं. कारखान्याची आठवण त्या मानाने फार लवकर संपली.

मग ऑस्ट्रेलियाचा आजचा कचरा कुठं आहे? बराचसा लुकास हाइट्सलाच, पण पुरलेला नाही. ड्रममध्ये, शेडमध्ये, जमिनीवर. साठवण म्हणजे परत काढायच्या बेताने ठेवणं, आणि विल्हेवाट म्हणजे परत न काढायच्या बेताने. वर्तमानपत्रं या दोन गोष्टींची सर्रास गल्लत करतात. साठवणीला माणूस लागतो. पहारा थांबला की ती बिघडते. विल्हेवाटीची जागा अशी हवी की पुढे कधी माणूस नसला तरी चालावं.

कायमची जागा शोधायचे प्रयत्न दर वेळी अडले. नॉर्दर्न टेरिटरीतल्या मकाटीचा प्रस्ताव 2014 साली सोडला गेला. मग दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या किंबाजवळची शेतजमीन ठरली. बारंगाला या तिथल्या मूळ रहिवाशांनी दावा लावला, जुलै 2023मध्ये न्यायालयाने ती निवड रद्द केली, आणि पुढच्याच महिन्यात सरकारने बेत सोडला. मला यात आश्चर्य वाटत नाही. ज्यांच्या दाराशी तीनशे वर्षं हे राहणार त्यांना शेवटी विचारलं, तर उत्तर असंच येणार.

लांब नेण्याचाही एक नमुना आहे. मेलबर्नच्या फिशरमन्स बेंड इथल्या जुन्या प्रयोगशाळेची किंचित किरणोत्सारी माती सुमारे दहा हजार ड्रममध्ये भरली गेली. ती आधी लुकास हाइट्सला आली, आणि मग 1994-95मध्ये ट्रकांनी दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातल्या वूमेराला. तीही साठवणच. ड्रम गंजत राहिले, आणि कशात नेमकं काय आहे हे वीस वर्षांनी पुन्हा तपासायची वेळ आली. हीच माती 1990 सालीच ड्रमनिहाय नीट मोजून ठेवली असती, तर बरीचशी साध्या भरावात जाण्याजोगी निघाली असती, असा माझा कयास आहे.

शेवटी एक उपयोगाची गोष्ट. अशा जागांच्या पाहणीचे अहवाल जाहीर होतात. ॲन्स्टोचे होतात, आणि इथली नियामक संस्था आर्पान्सा त्यांवर नजर ठेवते. आपण ते उघडलंत तर आधी नकाशा पाहा: चर कुठं, उतार कुठल्या बाजूला आणि विहिरी त्याच बाजूला आहेत ना. मग ट्रिटियमचा तक्ता काढा. आकड्यापुढचं एकक वाचा, कारण दर लिटरला किती बेक्वेरेल चालतात यावर जगात एकमत नाही. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेचा मार्गदर्शक आकडा 10 हजार आहे, अमेरिकेची मर्यादा 740 आहे, आणि युरोपात 100च्या वर गेलं की तपास करायचा असा संकेत. एकाच विहिरीचं पाणी एकीकडे ठीक आणि दुसरीकडे बातमी ठरू शकतं. म्हणून एका वर्षाच्या आकड्यावर न थांबता त्याच विहिरीचे मागच्या पंधरा-वीस वर्षांचे आकडे ओळीने मांडा. ट्रिटियमचं अर्धायुष्य 12.3 वर्षांचं आहे, तेव्हा आकडा साधारण बारा वर्षांत निम्मा किंवा त्याहून खाली यायला हवा. तो तसाच राहिला किंवा चढला, तर कचऱ्यातून नवं पाणी वाहतंय, आणि मग विचारायचा प्रश्न झाकणाबद्दलचा.